पुरणपोळ्यांचा खटला आणि ज्यूरीतलं भांडण

नाव चारुलता विजयकुमार सबनीस, वय ४४ वर्षे, व्यवसाय घरकाम, मूळ राहणार नाशिक, सध्या अल वक्रा, कतार. पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, दुभाषी सुशांत यांच्यामार्फत सांगते की,

आज शुक्रवारी दुपारी चार वाजता आमच्या मराठी मंडळींचं अभिरूप न्यायालय, म्हणजे गमतीचा लुटुपुटीचा खटला, नंदू यांच्या व्हिलात भरला होता. आरोपी माझी मैत्रीण नमिता. आरोप असा की, नाशिकहून आलेल्या सासूबाईंना तिने दुसऱ्याच्या हातच्या पुरणपोळ्या आपल्या म्हणून वाढल्या. नंदू यांनी हा आरोप थट्टेत काढला होता. तो खरा आहे हे फक्त नमिताला आणि मला ठाऊक होतं. सासूबाई संजीवनीताई पहिल्याच रांगेत बसल्या होत्या.

ज्यूरीत आम्ही पाच जण. आतलं बोलणं बाहेर सांगणार नाही आणि खटल्याशी आपला संबंध नाही, अशा दोन शपथा घेतल्या. दुसरी मी खोटी घेतली. पोळ्या मीच केल्या होत्या. नमिताची लाज राखायलाच मी ज्यूरीत शिरले.

नंदू यांनी आम्हाला खोलीत घालून बाहेरून कुलूप लावलं. बाकी चौघांचं मत लगेच 'निर्दोष' पडलं. मला बरं वाटलं. मग तेजश्री म्हणाली, "अगं, इतक्या जाड पोळ्या कुणी बाहेरून आणेल का? नमितानेच लाटल्या असणार." कौशिक म्हणाला, "माझी तर दाढ हलली. निर्दोष, खलास!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दारावर मुठी आपटत "दोषी! दोषी!" असं ओरडले. शेजारी युसुफ यांना मराठी येत नाही. बंद खोलीतला आरडाओरडा ऐकून त्यांनी पोलिसांना फोन केला. त्यांची काही चूक नाही.

भांडणाचं कारण मी आधी सांगत नव्हते, कारण ज्यूरीचं बोलणं गुप्त असतं. साहेब "यल्ला", म्हणजे 'चला, आटपा', म्हणाले, तेव्हा सांगितलं. मला मारहाण झालेली नाही. कुणाविरुद्ध तक्रार नाही.

पुरवणी : सुशांत यांनी वरील मजकूर मोठ्याने वाचला. दार उघडं होतं. माझ्या सोबतीला ठाण्यात आलेल्या आणि बाहेर बाकावर बसलेल्या संजीवनीताई आत आल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे त्या नमिताच्या नव्हत्या? तिला शिकवायला मी महिनाभर मुक्काम वाढवला गं! आता उद्यापासून तुझ्याकडेच येते."

जबाब ऐकला. माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे. फक्त 'जाड' हा शब्द मला मान्य नाही, अशी नोंद करून सही करते.