तीन पळ्या पाणी

(हिंदी मुलखातलं एक शहर, जयेंद्रगंज पेठ. मोबाइल कंपनीचं सर्व्हिस सेंटर, शनिवारची दुपार. काउंटरच्या आत सीमंतिनी; बाहेर सदाशिवराव भोईटे आणि त्यांची मुलगी गरिमा.)

सदाशिवराव: हे बघा बाईसाहेब, इतका वेळ हिंदीतून बोललो, आता मराठीतून सांगतो. तुमच्या बिल्ल्यावर सीमंतिनी लिहिलंय, म्हणजे तुम्ही आपल्यातल्याच. फोन मे महिन्यातला. वॉरंटी वर्षाची. आज ऑक्टोबर. मग नामंजूर कसा?

सीमंतिनी: काका, मी नाही ना केलं नामंजूर. मी फोन उघडला, फोटो काढून वर पाठवला. वरून जवाब आला. हे बघा, चार मिनिटांत आला. आत पाणी गेलंय, वॉरंटी समाप्त.

सदाशिवराव: चार मिनिटांत? तो फोटो कोणा माणसानं बघितला तरी का?

सीमंतिनी: माहीत नाही काका. सच में माहीत नाही. तिकडचं कोणी आम्हाला कधी दिसतच नाही.

गरिमा: पण ताई, हा तर सप्टेंबरपासूनच मधेच बंद पडतोय. तेव्हा आणला तर तुम्हीच रीसेट करून दिला. ही चिठ्ठी. यात लिहिलंय, पुन्हा असं झालं तर बदलून मिळेल.

सीमंतिनी: हो, एंट्री दिसतेय मला. तेव्हा आत काही नव्हतं, एकदम कोरडा होता. पण पहिल्या खेपेला आम्हाला बदलून देताच येत नाही, रीसेटच करावं लागतं.

सदाशिवराव: म्हणजे खोट तुमच्या मालात होती, हे तुम्ही कबूल करता.

सीमंतिनी: होती काका. मी खोटं का बोलू? पण आता पाणी निघालं, की पहिल्या खोटीबद्दल कोणी विचारत नाही.

सदाशिवराव: वा! आणि पाणी कुठून आलं म्हणे? आमच्या घरात फोन मोरीजवळसुद्धा जात नाही. रात्री कपाटात ठेवतो मी, स्वतःच्या हातानं. कंपनीला द्यायचा नाही, म्हणून काहीतरी कारण काढलंय.

गरिमा: आबा, जरा हळू. लोक बघतायत.

सदाशिवराव: बघू दे. बघावंच लोकांनी.

गरिमा: ताई, माझं ऐका जरा. मी अतिथी शिक्षक आहे, मुरारच्या पुढे एका गावात प्रायमरी शाळा आहे. हजेरी ॲपवर लागते. शाळेत उभं राहून, साडेदहाच्या आत, फोनला चेहरा दाखवायचा. आणि ज्या फोनवर नाव चढलंय, त्याच फोनवरून. दोनदा हा ऐन वेळी बंद पडला. मी वर्गात उभी, मुलं समोर बसलेली, आणि मी गैरहजर! तिसरी गैरहजेरी लागली की नाव कटतं. परवा सोमवारी दिवाळीची सुट्टी संपतेय.

सीमंतिनी: मग दुसऱ्या कुठल्या फोनवर नाव चढवून घ्या ना.

गरिमा: त्याला अर्ज लागतो. महिना जातो. फक्त वॉरंटीत बदलून मिळाला असेल, तर कंपनीच्या चिठ्ठीवर त्याच दिवशी करून देतात. मला फोनपेक्षा ती चिठ्ठी पाहिजे, ताई.

सदाशिवराव: अकरा वर्षं शिकवतेय ती. दरवर्षी नव्यानं ठेवतात, दरवर्षी नव्यानं काढतात. तरी एक दिवस उशिरा गेली नाही. आणि तिची रोजी तुम्ही या एवढ्याशा डबीपायी घालवणार?

सीमंतिनी: काका, मी... ताई, तुम्ही आत येता का? भिंगाच्या मशीनखाली दाखवते. काका, तुम्ही इथे बसा, आत एकालाच सोडतात. ज्यांच्या नावावर बिल आहे, त्यांनाच.

सदाशिवराव: जा गरिमा. नीट बघ. डोळे उघडे ठेवून बघ.

सीमंतिनी: या. दार लोटून घ्या. काच आहे, बाहेर ऐकू जात नाही. काकांसमोर बोलायला मला जीभ रेटेना. हे बघा, जिथे चार्जरची पिन जाते तिथे. हा लाल रंग दिसतोय?

गरिमा: हो. गंज आहे का?

सीमंतिनी: कुंकू आहे. आणि हे आतून चिमट्यानं काढलं मी. या पुडीत.

गरिमा: अक्षता.

सीमंतिनी: दुसरं कोणी असतं तर कचरा समजून फुंकून टाकलं असतं. मी बघताक्षणी ओळखलं. दसऱ्याला आमच्याकडेही लॅपटॉपला फूल वाहतात. पण फूलच. पाणी नाही घालत.

गरिमा: आबांनी शस्त्रांबरोबर मांडला होता. आमच्या पणजोबांची तलवार आहे, दसऱ्याला तिची पूजा असते. मी त्या दिवशी फोन घरीच ठेवून शेजारच्या लीलाताईंकडे गेले होते. दुपारी आले तर फोनच्या काचेवर कुंकवाचं बोट. मला हसूच आलं. म्हणाले, तुझी लढाई याच्यावर आहे ना, मग हेच तुझं हत्यार. मी त्यांच्या पाया पडले, आणि फोन पुसून ठेवून दिला. पाण्याचं माझ्या ध्यानातच नाही आलं.

सीमंतिनी: वरून शिंपडलं असेल थोडं.

गरिमा: नाही. तलवारीला ते पळीनं पाणी घालतात. मोजून तीन पळ्या. याला पण घातल्या असणार. आबांचं सगळं नियमानं असतं. त्या दिवसानंतर हा जास्तच अडायला लागला, आणि सुट्टी लागल्यावर तर चालूच नाही झाला ताई. मला वाटलं, जुनीच बीमारी वाढली.

सीमंतिनी: मी सांगू का काकांना? समजावून, प्रेमानं?

गरिमा: नको! हात जोडते तुमच्यापुढे. सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत ते. नोकरी गेली तर मी रडेन, चार दिवसांनी दुसरं काही शोधेन. पण आपल्या हातानं गेली, असं त्यांना कळलं तर ते ताटावर बसणार नाहीत. मी ओळखते त्यांना. मला त्याचीच भीती वाटते, नोकरीची नाही वाटत इतकी.

सीमंतिनी: बरं ताई. नाही सांगत.

गरिमा: हे साफ करून दुसरा फोटो नाही पाठवता येणार? एक शेवटची कोशिश?

सीमंतिनी: नाही होत. एकदा नामंजूर झालं की तो फोन वर उघडतच नाही. मीच आधी पुसून मग फोटो काढायला पाहिजे होता. पण जसा आला तसाच काढायचा, असा नियम आहे, आणि हात सवयीनं चालतो. दाणा दिसला तेव्हा फोटो जाऊन चुकला होता. मला माफ करा ताई.

गरिमा: तुमची काय चूक? चला. नामंजुरीचा फॉर्म द्या, सही करून टाकते.

सदाशिवराव: काय झालं? काय दिसलं आत?

गरिमा: चला आबा. पाणी गेलंय खरंच. माझ्याच हातून झालंय. पर्समध्ये बाटली असते ना, तिचं झाकण ढिलं राहिलं होतं.

सदाशिवराव: बाटली? फोनजवळ पाण्याची बाटली?

गरिमा: हो.

सदाशिवराव: डोकं ठिकाणावर होतं का तुझं? लहान आहेस का तू? चाळिशी आली! मी इथे या बाईंशी तासभर भांडतोय, कंपनीला खोटारडं ठरवतोय, आणि माझ्याच घरात...! मुलांना सांगतेस ना, दप्तर नीट ठेवा? अकरा वर्षांची मेहनत एका झाकणापायी मातीत घातलीस. मला शरम वाटते गरिमा. चारचौघांत मान खाली घालायला लावलीस.

गरिमा: चुकलं आबा.

सीमंतिनी: काका, इतकं नका बोलू त्यांना.

सदाशिवराव: तुम्ही मधे बोलू नका. आणा तो फॉर्म इकडे.

गरिमा: मी करते ना सही. तुम्ही कशाला...

सदाशिवराव: वाचल्याशिवाय आपल्या घरात कोणी सही करत नाही. बत्तीस वर्षं छापखान्यात प्रूफं वाचली मी. चष्मा दे. हं. ग्राहक का नाम, गरिमा भोईटे. बरोबर. दोष, स्वतः बंद होना. बरोबर. जाँच में पाया गया, पानी. पोर्ट से निकली वस्तु... चावल का दाना, एक, लाल रंग लगा हुआ. ग्राहक को वापस. हे काय आहे?

गरिमा: काही नाही आबा. डब्यातलं शीत असेल. डबा पण त्याच पर्समध्ये असतो.

सदाशिवराव: डब्यात तू पोळी-भाजी नेतेस.

गरिमा: कधी कधी भात पण...

सदाशिवराव: लाल भात? बाईसाहेब, तो दाणा दाखवा.

सीमंतिनी: राहू द्या ना काका. छोटीशी गोष्ट आहे.

सदाशिवराव: इथे छापलंय, ग्राहक को वापस. मग दाखवा.

सीमंतिनी: ही पुडी. त्यात आहे.

गरिमा: आबा. आबा, बसा. इथे खुर्चीवर बसा. ताई, पाणी आहे का?

सदाशिवराव: पाणी नको. मी पुसला होता, गरिमा. लगेच पुसला होता. उपरण्याच्या मऊ पदरानं, मागून-पुढून. तीनच पळ्या घातल्या. काच आहे, काचेला काय होतंय, असं वाटलं मला. तो बंद पडायचा ना, तुझं तोंड उतरायचं. तू जेवायची नाहीस. म्हटलं, इतकी वर्षं तलवारीनं घर राखलं, आता पोरीच्या फोनलाही राखू दे.

गरिमा: मला माहीत आहे आबा.

सदाशिवराव: तुला माहीत होतं?

गरिमा: आत्ता कळलं. आत गेले तेव्हा.

सदाशिवराव: आणि तरी ऐकून घेतलंस. मी शरम म्हणालो तुला. मातीत घातलीस म्हणालो. एक शब्द उलट बोलली नाहीस.

गरिमा: जाऊ द्या ना. फोन आधीपासूनच खराब होता. तुम्ही नसता ठेवला तरी...

सदाशिवराव: तरी आज बदलून मिळाला असता. मला शिकवू नकोस. चिठ्ठी मिळाली असती. बाईसाहेब, पेन द्या. सही मी करतो. फोन तिचा असला तरी पाणी माझ्या हातचं आहे.

सीमंतिनी: काका, सही बिलावर ज्यांचं नाव आहे त्यांचीच लागते.

सदाशिवराव: खाली माझं नाव लिहा. कोणामुळे झालं, ते लिहा.

सीमंतिनी: त्याला फॉर्मवर जागाच नाही काका.

गरिमा: द्या ताई. कुठे करायची? इथे?

सीमंतिनी: इथे. आणि खाली तारीख.

सदाशिवराव: सोमवारी मी येतो तुझ्याबरोबर शाळेत. हेडमास्तरांपुढे उभा राहतो. सांगतो, ही इथे आहे, मी हिचा बाप आहे, मी डोळ्यांनी बघतोय. हजर आहे ती.

गरिमा: हेडमास्तरांनाही दिसतेच मी, आबा. त्यांच्या हातात नाही ते.

सदाशिवराव: मग कोणाच्या हातात आहे? कोणापुढे उभा राहू, सांग. मी जातो. थाटीपुरला, सरकारी दफ्तरात जाऊ? आपल्या ओळखीच्या तुकोजीचा मेहुणा होता ना तिथे कुठेतरी?

गरिमा: तो मागच्या वर्षीच रिटायर झाला.

सदाशिवराव: रिटायर झाला?

गरिमा: हो. चला, उठा. माझा हात धरा. ऑटो बाहेरच मिळेल.

सीमंतिनी: ताई, फोन राहिला. आणि काका, ही पुडी... फेकून देऊ का?

सदाशिवराव: नको, नको. द्या इकडे. अक्षता आहे ती, केरात जायला नको.