खाली म्हणजे चालू

चावीवाला : आणि बटण चालू आहे हे तुम्हाला कळलंच नाही?

माईकवाला : कळलं असतं तर बोललो असतो का? ती पकड दे इकडे.

चावीवाला : पकड राहू दे. जन्म गेला तुमचा या माईकच्या धंद्यात, भावोजी. लग्नं झाली, शाळेची गॅदरिंगं झाली, आजपर्यंत कधी बटण चुकलं नाही. आणि आज नेमकं चुकलं? साहेबांच्या सभेच्या दिवशी?

माईकवाला : माझं मशीन दुरुस्तीला गेलंय. हे भाड्याचं आणलंय. माझ्या मशीनवर बटण खाली म्हणजे बंद. याच्यावर खाली म्हणजे चालू. बोट सवयीने खाली गेलं.

चावीवाला : आणि तोंड? तेही सवयीनेच?

माईकवाला : हो. तेही सवयीनेच. कुठलाही कार्यक्रम असो, वायरी जोडून झाल्या की माईक हातात घेऊन दोन शब्द म्हणतो. जो कोणी बोलणार असेल त्याच्यासाठी. तुझ्या बहिणीला विचार.

चावीवाला : ताईला कशाला मध्ये घालता? अहो, अख्ख्या बाजाराने ऐकलं! मी एका बाईंच्या कपाटाची चावी घासत होतो. वर भोंग्यातून तुमचा आवाज. "देवा, साहेबांची तब्येत सांभाळ, त्यांची वाचा शाबूत ठेव, त्यांना सुबुद्धी दे आणि चारचौघांत त्यांना तोंडावर पाडू नकोस." माझ्या हातातून कानस पडली. बाई विचारतात, हे तुमचेच भावोजी ना? गाळे वाचवायच्या समितीवर आहेत ना? आता मी त्यांना काय सांगू, कपाळ?

माईकवाला : सांगायचं, आहेत म्हणून.

चावीवाला : आहेत, आणि रस्ता रुंद करायला आपले गाळे पाडणाऱ्या साहेबाला उदंड आयुष्यही मागतात!

माईकवाला : उदंड नाही म्हटलं मी. तब्येत म्हटलं.

चावीवाला : हसताय? खुशाल हसा. शेजारचा चष्मेवाला काय म्हणाला ठाऊक आहे? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. मागच्या आठवड्यात तुम्ही साहेबांच्या बंगल्यावर गेला होतात, तेही त्याने पाहिलंय. सायकलला पिशवी अडकवून, मान खाली घालून गेलात म्हणे.

माईकवाला : त्यांच्या हॉलमधला स्पीकर खरखरत होता. पिशवीत हत्यारं होती. आणि चढावर सायकल चालवताना मान खालीच जाते रे.

चावीवाला : मला का नाही सांगितलंत?

माईकवाला : मी रोज कुणाकुणाचे स्पीकर खोलतो. तू रोज कुणाकुणाची कुलपं उघडतोस. मी येतो का विचारायला, आज कुणाच्या घरात शिरलास म्हणून?

चावीवाला : विषय बदलू नका. समिती बसली होती आत्ता. माझ्याच दुकानात, शटर अर्धं ओढून. ठरलंय. संध्याकाळी भाषण संपल्यावर साहेब खालच्या एका माणसाचं ऐकून घेणार आहेत ना, तिथे आपल्या गाळ्यांच्या ओळीतर्फे तुम्ही बोलायचं नाही. मी बोलायचं.

माईकवाला : तू? तुला तर चार माणसं दिसली की घाम फुटतो.

चावीवाला : फुटू दे. माझा घाम निदान आपला तरी आहे.

माईकवाला : हं. लागलं मला हे.

चावीवाला : लागावं म्हणूनच बोललो. आणि दुसरं सांगायला आलोय. तुम्ही अजून आमच्यातले असाल, तर दाखवून द्या. साहेब भाषणात "रुंद रस्ता" म्हणाले रे म्हणाले, की ही वायर सुटली पाहिजे. नुसती ओठांची हालचाल. सगळा चौक हसेल. नंतर म्हणा, मशीन भाड्याचं होतं.

माईकवाला : ते व्हायचं नाही.

चावीवाला : का?

माईकवाला : माझ्या माईकवर आलेल्या माणसाचा आवाज मी तोडत नाही. मग तो कुणी का असेना. गाळे पाडू देणार नाही हेही मी त्यांना ऐकवणारच होतो, तोंडावर. सबंध बाजारासमोर. ती पाळी तुम्ही काढून घेतलीत, ठीक आहे. पण लपून वायर ओढणं आपल्याच्याने व्हायचं नाही.

चावीवाला : भांडायचंही आणि त्याचं भलंही मागायचं? हा कुठला न्याय?

माईकवाला : आमच्या आईचा. ती म्हणायची, ज्याच्या हातात आपलं बरंवाईट आहे, त्याचं आधी बरं माग, मग जा खुशाल भांडायला. घरमालकाशी उभा दावा होता तिचा. तरी संध्याकाळी हात जोडले की त्याचं नाव यायचंच. वडील चिडायचे. ती म्हणायची, त्याची फ्यूज उडाली तर अंधार आपल्याही खोलीत होतो.

चावीवाला : मी रोज मागतो, याचं वाटोळं होऊ दे म्हणून.

माईकवाला : मग देवाची पंचाईत होत असेल. एकाच घरातून दोन अर्ज.

चावीवाला : थट्टा पुरे. मला यात काहीतरी शिजतंय असा वास येतोय, भावोजी. सरळ माणूस एवढा सरळ नसतो. थांबा… तो बघा, साहेबांचा सहाय्यक. फाईल बगलेत मारून इकडेच येतोय. तुमच्याकडेच! बघा, म्हटलं नव्हतं? मी व्यासपीठाखाली बसतो. बघतोच काय बोलता ते.

माईकवाला : अरे, तिथे खिळे पडलेत. जपून.

(चावीवाला व्यासपीठाचा पडदा उचलून खाली सरकतो. सहाय्यक येतात.)

सहाय्यक : सकाळी माईकवर बोललात, ते तुम्हीच?

माईकवाला : हो साहेब. चूक झाली. बटण चालू राहिलं.

सहाय्यक : मजकूर कुणी लिहून दिला?

माईकवाला : मजकूर कसला? मनातलं बोललो.

सहाय्यक : "सुबुद्धी दे." म्हणजे सध्या ती नाही, असं सुचवायचं होतं?

माईकवाला : अहो, माझ्यासाठीही मी तेच मागतो. सुबुद्धी काय कुणाला पुरून उरलीय?

सहाय्यक : आणि "तोंडावर पाडू नकोस." संध्याकाळी काही गडबड होणार आहे का? तुमच्या कानावर काही आलंय?

माईकवाला : ही तिसरी पायरी हलतेय. मांडववाल्याला सांगितलंय मी.

सहाय्यक : तुम्ही साधे आहात की साधेपणा दाखवताय, हेच मला कळत नाहीये. बाजारात लोक हसत होते. उपरोधाने बोललात, असं आमच्या माणसांचं म्हणणं आहे.

माईकवाला : आणि आमच्या माणसांचं म्हणणं आहे की मी तुम्हाला विकला गेलोय. तुम्ही दोघं एकदा एकत्र बसून ठरवा, आणि मग मला सांगा.

सहाय्यक : हं. बरं, ऐका. साहेबांना ही गोष्ट सांगितली. त्यांना आवडली. संध्याकाळी भाषणाच्या आधी तुम्ही वर यायचं आणि हेच म्हणायचं. सुबुद्धीचं तेवढं वगळायचं. कॅमेरा असेल. ज्याचा गाळा रस्त्यात जातोय तो माणूस साहेबांसाठी हात जोडतोय, याचा परिणाम फार चांगला होतो.

माईकवाला : आणि गाळा?

सहाय्यक : रस्त्याची रेघ काही दगडावर कोरलेली नसते. तुमच्या गाळ्यापाशी थोडी इकडे वळू शकते.

माईकवाला : एकट्या माझ्या गाळ्यापाशी?

सहाय्यक : सगळ्यांसाठी वळवली तर तिला रेघ कोण म्हणेल?

माईकवाला : नाही जमायचं, साहेब.

सहाय्यक : घाई करू नका. घरच्यांना विचारा.

माईकवाला : घरी विचारलं तर मोह होईल. गाळा गेला तर पुढच्या महिन्यात कुठे बसणार, हे मला खरंच माहीत नाही. भीती वाटतेच. पण सकाळी मी देवाशी बोलत होतो, बाजाराने ऐकलं ते बटणामुळे. आता मुद्दाम बटण लावून बोललो, तर ते तुमच्याशी बोलणं होईल. मग देवाकडे कुठल्या तोंडाने जाऊ?

सहाय्यक : म्हणजे तुम्ही विरोधकांचेच. आता स्पष्ट झालं. आणि हा साहेबांपुढचा छोटा स्पीकर उजव्या बाजूला का सरकवलात? खालच्या माणसाचा माईकही उजवीकडेच. नेहमी डावीकडे असतो.

माईकवाला : त्यांना तिकडून बरं पडेल.

सहाय्यक : कुणी सांगितलं तुम्हाला?

माईकवाला : कुणी नाही. बंगल्यावर स्पीकर तपासत होतो. त्यांच्या नोकराने डावीकडून दोनदा हाक मारली, तर नुसते हसून मान हलवत राहिले. उजवीकडून मारली, लगेच वळले.

सहाय्यक : हळू बोला! हे कुणाकुणाला सांगितलंत?

माईकवाला : बायकोलाही नाही.

सहाय्यक : का नाही? तुमच्या समितीला फुकटचा दारूगोळा मिळाला असता.

माईकवाला : सांगावंसं वाटलं नाही. बस.

सहाय्यक : विश्वास बसत नाही. संध्याकाळी माझा एक माणूस तुमच्या मशीनजवळ बसेल, तुमच्या हातांवर नजर ठेवून. आणि रेघेचं विसरा.

माईकवाला : त्याला म्हणावं, याच्यावर खाली म्हणजे चालू. उगाच घाबरायला नको… गेला. ये बाहेर. डोकं सांभाळ.

चावीवाला : मी खाली आहे हे तुम्हाला माहीत होतं. म्हणून नाही म्हणालात!

माईकवाला : धन्य आहे तुझी.

चावीवाला : मी नसतो तर काय म्हणाला असतात?

माईकवाला : देव जाणे.

चावीवाला : हेच, हेच आवडत नाही मला तुमचं. आणि साहेब बहिरा आहे? डाव्या कानाने? अहो, हे सोनं आहे! आत्ता जातो, चष्मेवाल्याला सांगतो. संध्याकाळपर्यंत पोरंसोरं डावीकडून हाका मारत सुटतील.

माईकवाला : जा. पण जाण्याआधी एक सांग. कचेरीत साहेबांपुढे गाळ्यांची सुनावणी झाली, तेव्हा तू कुठे उभा होतास?

चावीवाला : टेबलाच्या कडेला. शिपायाने उभं केलं तिथे.

माईकवाला : कुठल्या कडेला?

चावीवाला : खिडकीच्या. साहेबांच्या… डाव्या हाताला.

माईकवाला : काय सांगितलं होतंस?

चावीवाला : ठाऊक आहे तुम्हाला. घाम पुसत पुसत सांगितलं. बाबांनी हे दुकान स्वतःच्या हाताने उभं केलं, आणि त्याच खुर्चीत, हातात किल्ली धरून गेले. ती खुर्ची अजून मी हलवलेली नाही. असं सगळं सांगितलं. आणि तो माणूस हसला. म्हणाला, छान, छान. भावोजी, त्या "छान"ने माझी झोप गेली. बाप मेल्याचं सांगतोय मी, आणि हा छान म्हणतो! त्या दिवसापासून त्याचं वाटोळं मागतोय मी.

माईकवाला : माहीत आहे. ताईने तुला जेवायला बोलावलं तरी तू येत नव्हतास.

चावीवाला : म्हणजे त्याने ऐकलंच नव्हतं?

माईकवाला : मला तसं वाटतं.

चावीवाला : वाटतं! आणि आठवडाभर हे पोटात ठेवून बसलात?

माईकवाला : कसं सांगणार होतो? सांगितलं असतं तर तू आत्ता करायला निघालास तेच केलं असतंस. माणूस लपवतोय, म्हणजे त्याला लाज वाटते. ती मी कशाला चव्हाट्यावर आणू? आणि ऐकलं असतं तर त्यांनी गाळे सोडले असते, असंही मी म्हणत नाही. आज ऐकूनही नाही म्हणतील. पण "नाही" म्हणतील. "छान" नाही म्हणणार.

चावीवाला : म्हणून माईक उजवीकडे घेतलात. स्वतःसाठी.

माईकवाला : स्वतःसाठीच घेतला होता. आता तू बोलणार आहेस, तर तुझ्यासाठी.

चावीवाला : …तुम्ही वायर ओढाल, असं मी समितीत कबूल करून आलोय.

माईकवाला : मग त्यांना सांग, भावोजी हट्टी आहेत.

चावीवाला : ते सांगायला लागत नाही. बरं, ही पायरी खरंच हलतेय हो. तो पडेल.

माईकवाला : मांडववाला येईना. तुझ्याकडे हातोडी आहे?

चावीवाला : आहे. द्या तो खिळा. पडला तर आपल्यावर येईल, म्हणून ठोकतोय. दुसरं काही समजू नका.

माईकवाला : मी कशाला काही समजू? झालं? आता इथे ये. संध्याकाळी इथेच उभा राहा. माईक तोंडात घालू नकोस, हनुवटीपाशी धर. बाबांचं तेवढंच सांग, बाकी समितीने शिकवलेलं विसरलास तरी चालेल. बोलून बघ काहीतरी.

चावीवाला : बटण कसं म्हणालात? खाली म्हणजे चालू?

माईकवाला : हो. पण थांब, आधी आवाज कमी करतो, नाहीतर सगळ्या बाजाराला…

चावीवाला : हॅलो. देवा, मी चावीवाला बोलतोय. हे माझे भावोजी. यांचं मला अजून पटलेलं नाही. काहीतरी शिजतंय अशी शंका आहेच. पण आत्ता यांना आमिष दाखवलं, आणि हे नको म्हणाले, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. यांना सांभाळ.

माईकवाला : अरे, चालू आहे ते!

चावीवाला : माहीत आहे.