आईंचं पाहुणपण

सगळ्यांना जयभीम.

मी बोलणार नव्हते. वासुदेवकाका काल घरी आले होते, म्हणाले, सूनबाई, दोन शब्द बोल. मी नाही म्हटलं. हे बोलणार होते. पण हे तिथं बसून आहेत, मघापासून उठतात आणि पुन्हा खाली बसतात. त्यांची आई गेली, ते कसे बोलणार? आणि मलाही माईकची सवय नाही. घरात बोलतो तसंच बोलते. चुकलं-माकलं तर आपली समजून सांभाळून घ्या.

बाहेरगावहून काही लोक आले आहेत, म्हणून सांगते. मी शालिनी, अनसूयाबाईंची सून. या वस्तीत त्यांना कोणी अनसूयाबाई म्हटलं नाही, सगळे सिस्टरबाईच म्हणायचे. इथल्या निम्म्या लोकांना त्यांनीच इंजेक्शन दिलं आहे. कोणाला कुठं दिलं ते सांगत नाही.

मी उठले ती वासुदेवकाकांच्या भाषणामुळे. काका, राग मानू नका. तुम्ही आईंबद्दल चांगलंच बोलले. तरुणपणी विधवा झाल्या, सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी करून दोन लेकरं वाढवली, सगळं खरं. पण शेवटी तुम्ही म्हणाले, रिटायर झाल्यावर या माउलीला गावोगाव वणवण करावी लागली आणि परक्या दारात प्राण सोडावा लागला. सगळ्यांनी माना हलवल्या. मागून कोणी तरी च् च् केलं. माझ्याकडं बघून केलं. मला दिसलं.

नाही काका. वणवण नव्हती ती. आई मजा करायला जात होत्या.

हो, मजा. शोकसभेत हा शब्द बरा दिसत नाही, मला समजते. पण दुसरा कोणता वापरू? साठीच्या बाईनं रेक्झिनची बॅग घ्यायची, बॅगेत दोन लुगडी आणि संत्रा बर्फीचा डबा टाकायचा, इतवारी स्टेशनवरून छोट्या लाईनीची गाडी पकडायची आणि मैत्रिणीकडं जाऊन आठ-आठ दिवस खायचं-प्यायचं, तमाशे बघायचे. याला काय म्हणतात? तीर्थयात्रा म्हणू का? तीर्थयात्रा म्हटलं असतं तर कोणी काही बोललं नसतं.

आपल्याकडं एक समजूत आहे. म्हातारी बाई घरातून बॅग घेऊन निघाली की सुनेनं हाकलली. दुसरं कारणच नाही! नळावर मला विचारायच्या बाया, "काय वं शालिनी, सासू दिसून नाही राहिली. पुन्हा भांडली का?" मी म्हणायची, मैत्रिणीकडं गेल्या. तर एकमेकींकडं बघायच्या. म्हातारीला कसली आली मैत्रीण!

मी एकदा आईंना बोलले. स्पष्ट बोलले. म्हटलं, "आई, तुम्ही जाता अन् लोक माझ्या तोंडात शेण घालतात. घरी काय कमी आहे? गरम पोळी मी ताटात देत नाही का?"

त्या बॅगेची चेन लावत होत्या. म्हणाल्या, "देतेस वं. कोण नाही म्हणते? पण तू पोळी देतेस अन् माह्ये डोळे पिठाच्या डब्याकडे राहतात. पीठ संपून राहिलं, दळण टाकावं लागते. घरच्या बाईचं जेवण असंच राहते. पाहुणी झाली का माणसाले फक्त ताट दिसते. सारी नोकरी रातपाळ्या केल्या, डब्यातलं थंडं खाल्लं, उभ्यानं खाल्लं. कोणी म्हटलं नाही, का बाई बस, अजून घे. आता मले पाहुणी होऊ दे."

मी बर्फीचा डबा आणून त्यांच्या हातात दिला. पण माझं समाधान झालं नव्हतं, उगीच कशाला खोटं बोलू? गरम पोळी करणाऱ्या बाईला असं ऐकून बरं वाटत नाही. म्हणून पुढच्या खेपेला मी म्हटलं, मीही येते. बघू तरी काय आहे तिथं. दिवाळी झाली होती. हे म्हणाले, जा.

आईंची मैत्रीण म्हणजे प्रमिलामावशी. दोघींनी नर्सिंगचं ट्रेनिंग सोबत केलं, हॉस्टेलात एका खोलीत राहिल्या. प्रमिलामावशींनी लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर त्या आपल्या भावाच्या घरी राहायला गेल्या, नागभीडच्या पुढं त्यांचं गाव. धानाचा भाग आहे, गावाला मोठा तलाव आहे. ती छोटी गाडी इतकी सावकाश चालते, की उमरेड येईपर्यंत माझी कंबर मोडली. आई खिडकीशी बसून प्रत्येक स्टेशनवर काही तरी घेऊन राहिल्या. सिंगाडे काय, चणे काय. मी म्हटलं, आई, पोट बिघडेल. म्हणाल्या, "बिघडलं तर नर्सच्याच घरी जाऊन राहिलो ना आपण!"

तिथं गेलो आणि मला माझी सासू ओळखू येईना. इथं ज्या बाईनं कधी खाटेवर बसून चहा मागितला नाही, ती तिथं अंगणात खाट टाकून, पाय लांब करून बसली आणि म्हणते, "प्रमिला, चहात आलं टाकलं नाही का वं?" आणि मावशी मुकाट्यानं परत चुलीकडं! मावशींची भावजय तलावातले झिंगे करून राहिली होती, त्यात वाळवलेली आंबाडी. आई स्वयंपाकघराच्या दारात बसून सांगतात, "तिखट वाढव. माह्या सुनेच्या भीतीनं कमी करू नको." तीनदा भात घेतला. डाळ वेगळी, झिंगे वेगळे, पुन्हा नुसता रस्सा. जेवण झाल्यावर ताट उचललं नाही. मी उचलायला गेले तर मला हातानं दाबून खाली बसवलं. म्हणाल्या, "बस. तूबी पाहुणी हायेस."

खरं सांगते, त्या दिवशी मला कळलं त्या कशाला जातात. मलाच उठू वाटेना.

दुसऱ्या दिवशी गावची मंडई होती. आपल्या शहरातल्या लेकरांना मंडई म्हटलं की भाजीबाजार वाटतो. तिकडं दिवाळीनंतर गावोगाव जत्रा भरते, तिला मंडई म्हणतात. भरदुपारी खडी गंमत होते. एक शाहीर, ढोलकीवाला आणि लुगडं नेसलेला नाच्या. सगळं मैदानात, ना मंडप ना पडदा. बायका मागं बसतात. आई आणि मावशी सगळ्यांत पुढं! मला म्हणे, मागून आवाज येतो, तोंड दिसत नाही. आणि आईंना ते सगळं समजत होतं हो. कोणता शाहीर जागच्या जागी जोडून गातो, कोण पाठ करून आला, ढोलकी कुठं घसरली, मावशींच्या कानात सांगत होत्या. मावशी म्हणायच्या, "गप वं, ऐकू दे."

त्या नाच्यानं यांना पाहिलं. त्याला कोणी तरी सांगितलं असेल, या दवाखान्याच्या बाया. तो कमरेवर हात ठेवून समोर आला आणि म्हणतो, "काहून वं बाई, सुई घेऊन आली का माह्यासाठी?" आई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "सुई हाये गा, पण टोचू कुठं? तू तर सारा कापसाचाच हायेस!"

हसा, हसा. तिथंही सगळं मैदान हसलं. ढोलकीवाल्याचा ठेका चुकला. मी पदरात तोंड लपवलं. माझी सासू, या विहाराच्या महिला मंडळाची माजी सेक्रेटरी!

त्याच संध्याकाळी अंगणात बसलो होतो. आई मला म्हणाल्या, "तू बसलीस ना, तिथंच मी पहिल्यांदा जेवली होती." मी म्हटलं, खाटेवर? म्हणाल्या, "नाही वं. खाली. अंगणात."

ट्रेनिंगच्या सुट्टीत मावशींनी त्यांना गावी नेलं होतं. मावशींची आजी होती घरात. जेवायची वेळ झाली तर आजीनं आईंचं पान बाहेर अंगणात वाढायला लावलं. कशासाठी, ते इथं कोणाला समजावून सांगायची गरज नाही. वाढलं भरपूर, पण बाहेर. प्रमिलामावशींनी आपलं ताट उचललं आणि बाहेर येऊन आईंच्या शेजारी बसल्या. आजी ओरडली, वडील ओरडले. मावशी जेवत राहिल्या. आजी होती तोपर्यंत आईंनी त्या घरात पुन्हा पाऊल टाकलं नाही, मावशीच नागपूरला येत होत्या. मग आजी गेली, वडील गेले. रिटायर झाल्यावर मावशींच्या भावजयीनं स्वतः निरोप पाठवला, की बाईंना म्हणावं, माजघरात झोपायला या. तेव्हा आई गेल्या.

हे मी आज का सांगून राहिले? आई यंदाच्या मंडईला गेल्या होत्या, हे तुम्हाला माहीत आहे. गंमत बघितली, दुसऱ्या दिवशी दुपारी जेवल्या, माजघरात आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत. मावशींनी नाडी बघितली. आयुष्यभर दुसऱ्यांची बघितली, शेवटी मैत्रिणीची बघावी लागली. त्यांनीच आईंना आंघोळ घातली, जीप बोलावली आणि मांडीवर डोकं घेऊन नागपूरला आणलं.

आई घरी आल्या त्या विटकरी रंगाचं, करवती काठाचं नवं लुगडं नेसून. इथल्या बाया म्हणाल्या, हे काय? आपल्यात पांढरं नेसवतात, बदला. आणि हे कोणाचं लुगडं? मावशी फाटकाजवळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "जाताना देणार होती मी. बोळवणीचं होतं."

मी बदलू दिलं नाही. काही जणींना राग आला, अजून आहे. असू द्या. लेक माहेरी आली की जाताना तिला लुगडं देतात, त्याला बोळवण म्हणतात. आईंना आई-बाप नव्हते, भाऊ नव्हता. लग्नानंतर कोणी त्यांची बोळवण केली नव्हती. शेवटचं लुगडं माहेरचं असावं ही तर आपलीच रीत आहे. मग ते मी कसं सोडून टाकू? मी फक्त वरून पांढरी चादर घातली.

वंदनाताई माझ्या नणंद. आईंची लेक. त्या दिवशी त्या रडत रडत बोलल्या, की ज्यायनं अंगणात बसवलं त्यायच्याच घरी मरायले गेली माही माय. ताई, मी तुम्हाला बोल लावत नाही. तुमची आई तुमच्या हातात गेली नाही, याचं दुःख मोठं आहे. ते मला नाही कळणार तर कोणाला? पण ज्यांनी बसवलं ते वेगळे आणि जी ताट घेऊन बाहेर आली ती वेगळी. दोघांना एका मापानं मोजू नका, एवढंच म्हणणं आहे माझं. आई तिथं मरायला गेल्या नव्हत्या. जेवायला गेल्या होत्या, हसायला गेल्या होत्या. आणि हसून, जेवून गेल्या. इथं बसलेल्यांपैकी किती बायांच्या नशिबी असं असेल?

प्रमिलामावशी आज आल्या आहेत. सकाळच्या गाडीनं आल्या. त्या कुठं आहेत बघा. तिकडं, दाराशी, चपलांच्या जवळ, खांबाला टेकून उभ्या आहेत. त्या दिवशीही फाटकाजवळच उभ्या राहिल्या. रडारडीत कोणी त्यांना पाणी विचारलं नाही, बस म्हटलं नाही. आपल्याला कोणी तरी अंगणात बसवलं होतं, हे आपण विसरलो नाही, विसरूही नये. पण मग आपण कोणाला दाराशी उभं करतो?

मावशी, तिथं राहू नका. या पुढं. अशा मधून या, लोक वाट देतात. द्या हो त्यांना वाट. माहेरचं माणूस पुढं बसते, घरच्यांसोबत बसते.

वंदनाताई, थोडं सरका.

हं.

वासुदेवकाका मला खुणा करून राहिले, की आता दोन मिनिटं उभं राहायचं आहे. राहू काका. सगळे उभे राहू, आईंना शेवटचा जयभीम करू. पण एवढ्यात नाही.

आधी मावशींना बसू द्या. नीट बसू द्या.