गोठ्यावर मावळ्यांचा पहारा

आम्ही नेरूळला नवीन राहायला गेलो होतो ना, तेव्हाची गोष्ट. आमची सई चार वर्षांची. दिवाळीत सोसायटीच्या आवारात तिच्यासाठी मातीचा किल्ला केला होता. दिवाळी संपली, पण त्यावरचे मावळे काही तिने माळ्यावर ठेवू दिले नाहीत.

नाताळच्या सकाळी समोरच्या मारिया आंटींनी दाराबाहेर गोठा मांडला. गवत, मेंढरं, मधोमध बाळ येशू. सई नुसती नाचत होती. मध्येच थांबली.

"आंटी, बाळाला राखायला कोण आहे?"

"हे मेंढपाळ आहेत ना."

"त्यांच्याकडे तलवार कुठाय?"

आंटी हसत केक आणायला आत गेल्या. मी बाहेर येऊन बघतो तर गोठ्याभोवती ढाल-तलवारवाले मावळे, आणि बाळाला भेटी घेऊन आलेले तीन राजे बाहेर फरशीवर. नवा शेजार, सणाचा दिवस, त्यात त्यांचे पाहुणे जिना चढत होते.

मी मावळे उचलणार तोच आंटींचे सासरे दारात आले. वसईचे, भारी कडक माणूस.

"राजांना बाहेर कोणी काढलं?"

"मी," सई म्हणाली. "बाळ त्यांना ओळखत नाही."

"आणि ह्या मावळ्यांना ओळखतं?"

"ते ड्यूटीवर आहेत."

आजोबा जिन्याकडे वळून पाहुण्यांना म्हणाले, "तिथंच थांबा. आधी हिला विचारा, मग आत या."

आणि पाहुणे खरंच, केकचे डबे घेऊन, सईसमोर रांगेत उभे राहिले.