प्रीतमचं मशीन बंद नाही

—नाही नाही काकू, चपला तिथेच, रॅकवर. आणि ही टोपी घाला डोक्याला, आमचं सोवळं तुमच्यापेक्षा कडक आहे, एक केस पडलेला चालत नाही! बसा या स्टुलावर. प्रीतमच्या आई ना तुम्ही? तो खाली गेलाय, नायट्रोजनचा डबा भरून आणायला, येईलच. मी वेन्डी, त्याच्याच ग्रुपमध्ये पीएचडी करते. हो, मरोळ गावठाणची, तीच ती — अय्या, घरी माझं नाव निघतं वाटतं? काय सांगतो? डब्यात चिंबोऱ्या आणते म्हणून? बरं, निदान ते तरी खरं सांगतो. तुमची सोलकढी मात्र आमच्यापासून लपवून पितो हां, विचारा त्याला.

हे? हेच ते मशीन. या खिडकीतून बघा — ती जांभळी ज्योत दिसतेय? आतल्या पदार्थाच्या वडीवर लेसर मारला की असा भपका उठतो आणि समोरच्या तापलेल्या स्फटिकावर जाऊन बसतो, थरावर थर, केसाहून हजारो पट पातळ. सर त्याला क्वांटम मटेरियल म्हणतात. घावनांसारखंच, पहिलं हमखास बिघडतं! जमलं तर ती फिल्म थंडगार करायची, मग तिच्यातून वीज न अडखळता पळते. उपयोग काय? काकू, हे इथे मोठ्याने विचारायचं नसतं, सर रडतील. काय? चालू आहे? म्हणजे काय, चालूच असतं — गणपतीपासून बंद? कोण म्हणालं? प्रीतम? अहो, एक दिवस बंद नव्हतं! त्याची फिल्म तर गणपतीआधीच झाली, झकास झाली, सरांनी पेढे वाटले, थिसिससुद्धा लिहून तयार — म्हणजे घरी... वाट लागली. काकू, मी काही बोलले नाही हां.

जपानचं तरी माहितीये ना? हां, नोकरी मिळालीये ते. पण आज संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचंय, ते? तेही नाही. बघा, आता सगळंच सांगते — मला वाटलं तुम्हीच अडवलंय. तोच म्हणाला, आई एकटी, आईचे गुडघे दुखतात, आई सोडत नाही. काय? नवी बॅग आणून ठेवलीत? तुमची बहीण तुमच्याच सोसायटीत राहते, मुलुंडला? आणि गुडघे तर — आत्ता तुम्ही जिन्यानेच आलात की! मग तुम्हाला सांगितलं मशीन बंद, मला सांगितलं आई सोडत नाही, आणि हा शहाणा इथे थांबलाय तरी कशासाठी? इथल्या चहासाठी? तो चहा तर कोणी —

काकू, असं बघू नका ना माझ्याकडे.

नाही हो, तसं काही नाही. मी तर रोज चिडवते त्याला, जा रे बाबा एकदाचा, टेबल रिकामं कर. तो कधी काही बोलला नाही, मीही नाही. माझी अजून दोन वर्षं आहेत इथे, मी कुठे जाणार त्याच्यामागे... आवडतो. हो, आवडतो, तुमच्यासमोर खोटं कशाला बोलू? तो गेला तर मला अजिबात करमणार नाही. पण माझ्यासाठी राहिला ना, तर उद्या कुठेतरी कंटाळून बसेल आणि मला तोंडावर बोलणारसुद्धा नाही, नुसता गप्प राहील. तुम्हीच सांगा, असाच आहे ना तो? — असाच आहे.

आला. ये रे, ये. आई आलीये, तुझं बंद मशीन बघायला. दात काढू नको, सगळं कळलंय आम्हा दोघींना. डबा ठेव खाली. मेल उघड. येतो म्हणून लिही — मराठीत नाही रे गाढवा! आणि माझ्याकडे काय बघतोस, स्क्रीनकडे बघ. हो, बोलू ना, जपानला फोन लागतात. आधी लिही. काकू, तुम्ही बसा त्याच्या शेजारी, मी जरा बाहेर गॅलरीत जाते. त्याने मेल पाठवली की मला हाक मारा. त्याच्याआधी नका मारू.