मेट्रनच्या शेजारची खुर्ची

सन्माननीय अध्यक्ष आल्डरमन सटक्लिफ, आपल्या इन्फर्मरी इस्पितळाच्या समितीचे सन्माननीय सभासद, ज्येष्ठ शल्यविशारद मिस्टर आर्मिटेज, माझ्या डाव्या हाताला बसलेल्या आणि आज दुपारपासून या इस्पितळाच्या मेट्रन आणि सगळ्या नर्सेसच्या प्रमुख झालेल्या मिस ऑलवेन प्रॉसर, सर्व सिस्टर्स, नर्सेस, शिकाऊ मुली, स्वयंपाकघरातली आणि धुणंघरातली मंडळी, आणि दाराशी उभे असलेले आपले पोर्टर हॉवर्थ,

आधी सगळ्यांनी बसून घ्या. मी उठले तशा तुम्ही सगळ्या उठलात. मेट्रनच्या किल्ल्या मी दुपारीच मिस प्रॉसर यांच्या हाती दिल्या, त्यामुळे आता माझ्यासाठी उभं राहायचं कुणालाच कारण नाही. मागच्या रांगेतल्या मुलींनो, तुम्हीसुद्धा.

अध्यक्षमहाशय माझ्याबद्दल फार चांगलं बोलले. निरोपाच्या दिवशी माणूस चांगलं बोलतो, यात त्यांचा दोष नाही. समितीने मला चांदीचा चहाचा संच दिला, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. त्यात सहा कप आहेत. समिती माझ्याबद्दल बरीच आशावादी दिसते.

मी या गावात आले तेव्हा जिच्या अंगावर एप्रन ती नर्स, असा कारभार होता. शिक्षण नाही, परीक्षा नाही, नोंदणी नाही. आम्ही काही जणी त्यासाठी लंडनला खेटे घालत होतो, तेव्हा इथल्या एका सभासदांनी मला विचारलं होतं, "मिस ओल्डरॉइड, उशी हलवायला आणि ताप बघायला परीक्षा कशाला हवी हो?" मी म्हटलं, "आपण आजारी पडलात की बघू." पुढे ते पडले. घरून निरोप आला, परीक्षा पास झालेलीच नर्स पाठवा. मी पाठवली, आणि एक अक्षरही बोलले नाही. त्या न बोलण्याचा आनंद मला अजून आहे.

पण नोंदणी झाली, मुलींचे कामाचे तास कमी झाले, हे सगळं अध्यक्षांनी सांगून झालं आहे. ज्याबद्दल कुणी बोललं नाही, ते मी बोलते. आमच्या जेवणघरात खिडकीजवळ एक लहान टेबल आहे. तिथे मेट्रन जेवते. शेजारी आणखी एक खुर्ची असते, आणि बोलावल्याशिवाय तिथे कुणी बसत नाही. मी कुणाला कधी बोलावलं नाही.

तुम्हाला वाटत असेल, म्हातारी ताठ होती. होतेच. पण त्या खुर्चीची कथा वेगळी आहे. पूर्वी इथे एक सर्जन होते, नाव घेत नाही. त्यांच्या हातून चूक झाली आणि त्यांनी ती एका नर्सच्या माथी मारली. म्हणाले, "तिला आजच्या आज घरी पाठवा." मी म्हटलं, "पाठवणार नाही." समितीपुढे प्रकरण गेलं. तिथे मला पहिला प्रश्न काय विचारला असेल? "ही मुलगी आपल्या खास मर्जीतली आहे का?" तिच्याबरोबर मी कधी चहाचा घोटही घेतला नव्हता, आणि हे सगळ्या इस्पितळाला ठाऊक होतं. म्हणून ती मुलगी राहिली आणि सर्जन गेले. त्या दिवशी मला कळलं, ही खुर्ची रिकामी आहे तोवरच माझ्या शब्दाला वजन आहे.

मग ती रिकामीच ठेवली. एकटं वाटलं का? वाटलं. पुष्कळ वाटलं. ख्रिसमसला वॉर्डात भाजलेला टर्की पक्षी कापून वाढायचा मान मेट्रनचा असतो. मी वाढायची, सगळ्या "थँक यू, मेट्रन" म्हणायच्या, आणि माझ्यामागे दार लागलं की आत हसण्याचा गलका सुरू व्हायचा. मी जरा वेळ बाहेर थांबत असे. हॉवर्थनी मला तसं पाहिलेलं आहे. त्यांनी दर वेळी विचारलं, "काही हरवलं का, मेट्रन?" मी म्हणायची, "नाही, गार वारा कुठून येतो ते बघते आहे."

एकदा मात्र त्या खुर्चीवर माणूस बसलं. वेल्सच्या डोंगरातून एक शिकाऊ मुलगी आली होती. पहिल्याच सकाळी लापशीची वाटी घेऊन ती सरळ माझ्या टेबलाशी आली आणि बसली. सगळ्या जेवणघरात चमचे थांबले. मी म्हटलं, "तुमची जागा तिकडे आहे." तर म्हणते, "असू दे हो, मेट्रन. आमच्याकडे माणसाला एकटं जेवू देत नाहीत. तुम्ही खा, मी बोलते."

आणि खरंच बोलू लागली. त्यांच्या एका कोंबडीचा पाय गाडीखाली मोडला होता. बाप म्हणाला, "आता हिचं कालवण करू." आई म्हणाली, "हात तर लावून बघा." मग आईने चुलीपुढची काटकी तासली, धाकट्या भावाच्या बुटाची नाडी काढली आणि कोंबडीच्या पायाला पट्टी बांधली. भाऊ रडत शाळेत गेला, एका बुटाने फटक फटक करत. मला हसू आलं. जेवणघरात मला हसू आलं, हे बघून नर्सेसचं वसतिगृह सांभाळणाऱ्या होम सिस्टर पांढऱ्या पडल्या. तेवढ्यात कामाची घंटा झाली आणि मुलगी वाटी उचलून पळाली.

दुसऱ्या सकाळी तिला कुणीतरी नियम सांगितलेला होता. मान खाली घालून ती माझ्यासमोरून शेवटच्या टेबलाकडे गेली. मला हाक मारावीशी वाटली. मारली असती तर दुपारपर्यंत ती मेट्रनची लाडकी ठरली असती, आणि पुढे तिने जे जे मिळवलं ते तिचं न राहता मी दिलेलं ठरलं असतं. म्हणून मी लापशीकडे बघत बसले. ती मुलगी परीक्षेत पहिली आली, मुलांच्या वॉर्डची प्रमुख सिस्टर झाली, आणि समितीने तिला एकमताने मेट्रन नेमलं तेव्हा तिच्याविरुद्ध बोलायला कुणाकडे शब्द नव्हता. मिस प्रॉसर, खाली बघू नका. तुम्हीच ती.

मी आता समुद्रकाठी, स्कारबरोला खोली घेतली आहे. घरमालकीण भली बाई आहे. मी विचारलं, "बाकीचे भाडेकरू जेवतात कुठे?" म्हणाली, "खाली, सगळे एकत्र. पण तुम्ही मेट्रन ना, तुमचं ताट मी वरच पाठवीन."

इथून मला चहाची मांडणी दिसते आहे. तुमच्यासाठी लांब टेबलं, आणि खिडकीशी एक लहान टेबल, स्वच्छ पांढरा कपडा, आज तर एकच खुर्ची. कुणी तरी माझ्यासाठी प्रेमाने मांडलं असणार. उद्यापासून ते टेबल मिस प्रॉसर यांचं. शेजारची खुर्ची रिकामी ठेवायची की भरायची, ते त्यांनी ठरवावं; मी सल्ला देणार नाही.

समितीचे, डॉक्टर मंडळींचे, तुम्हा सर्वांचे आभार. माझ्या जिभेने कुणी दुखावलं गेलं असेल तर मोठ्या मनाने विसरून जा. आजच्या बोलण्यात मर्यादा सुटली असेल, तर तेही पोटात घाला.

हॉवर्थ, त्या टेबलाला दुसरी खुर्ची लावा. मिस प्रॉसर, आता मी कुणाची मेट्रन नाही, त्यामुळे विचारायला हरकत नसावी. इतकी वर्षं दर सकाळी विचारायचं राहून गेलं. ती कोंबडी पुढे चालायला लागली का?