उंदरांच्या आत्याबाई आणि कागदाच्या पट्ट्या

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती बाई, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

आज एकतीस मार्च, बाईंच्या नोकरीचा शेवटचा दिवस. या माइकसमोर मी फार वर्षांनी आलो. इतके दिवस गप्प राहिल्याची माफी मागावी, की आता बोलणार आहे त्याची, हे ठरत नाही.

बाई आमच्या प्राणिगृहाच्या डॉक्टर. न्यूमोनियाची औषधं माणसाला देण्याआधी आम्ही उंदरांवर तपासतो. म्हणजे आधी त्यांना न्यूमोनिया देतो. हे सभ्य शब्दांत कसं सांगावं, मला अजून जमलेलं नाही. कुठल्या उंदराचे हाल आता पुरे, हे बाई ठरवत. मग एक सुई आणि शांत शेवट. आम्ही त्यांना 'उंदरांच्या आत्याबाई' म्हणतो. पाठीमागे. आज तोंडावर म्हणालो, बाई.

त्यांची रीत साधी. संध्याकाळी प्रत्येक पिंजऱ्यात मऊ कागदाच्या पट्ट्या टाकायच्या. धडधाकट उंदीर रात्रीत त्यांचं घरटं करतो. सकाळी पट्ट्या तशाच दिसल्या, की बाई त्या उंदराला हातात घेऊन त्याचा श्वास बघणार.

एकदा पट्ट्या तशाच ठेवणारा उंदीर माझ्याच प्रयोगातला निघाला. अजून एक दिवस टिकता, तर माझा आलेख पुरा होत होता. मी म्हटलं, "बाई, आळशी असेल हो तो!"

"आळशी उंदीर मी अजून पाहिला नाही," त्या म्हणाल्या. "बाकीचे आळशी पाहिलेत."

पुढे एकदा माझ्या टेबलावरचा पसारा बघून त्यांनी विचारलं, "ताप आहे का रे?" होता! घरी हे कळल्यापासून मी कपाट आवरलं नाही, की आमची ही थर्मामीटर आणते.

आता गंमत बघा. उद्यापासून बाईंचं काम माझ्याकडे, आणि चालू प्रयोगही माझाच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! मघाशी चहाच्या वेळी मी हळूच विचारलं, "बाई, ऐन वेळी सुई देताना माझा हात आखडला तर?"

"आखडणारच. आखडला, की समज, वेळ झाली."

असो. पण तिकडे बघा. बाईंनी बसल्या बसल्या पुष्पगुच्छाच्या कागदाच्या पट्ट्या करून ओटीत छान रचल्यात. म्हणजे प्रकृती उत्तम आहे.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. कमीजास्त बोललो असेन, तर पोटात घाला. माझ्या कागदावरची शेवटची ओळ भाषणातली नाही, तरी वाचतो: उद्या सकाळी, चहाच्या आधी, पहिल्यांदा स्वतःचे पिंजरे बघणे.